यंत्राचा परकायाप्रवेश

श्रीशंकराचार्यांनीं अमरुक राजाच्या मृत देहांत प्रवेश केल्याची कथा आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. तिच्या खरेखोटेपणाची चिकित्सा पंडितांनीं करावी. लहानपणीं ती ऐकतांना माझें मन एका निराळ्याच जागीं अडत असे. आचार्य राजदेहांत असतांना त्यांचा स्वतःचा देह शिष्यांनीं गुहेंत राखून ठेविला होता. तो राखला नसता, तर विद्या शाबूत, स्मृति शाबूत, आणि परतून वसावयास घर मात्र नाहीं, असा प्रसंग ओढवला असता. लिहिलेल्या शब्दांवर असा प्रसंग नेहमींच येतो. शब्द कोणत्या ना कोणत्या देहांत राहतात. कधीं तो देह म्हणजे गुरुशिष्यांचा कंठ, कधीं भूर्जपत्र, कधीं जुन्नरी कागद, आणि गेल्या कांहीं दशकांत चुंबकीय लेप दिलेली एक पातळ चकती.

कागद जीर्ण होऊं लागला म्हणजे तें डोळ्यांस दिसतें. वाळवी लागली तर भुसा पडतो. ह्या नव्या देहाचें मरण तसें दिसत नाहीं. चकती कपाटांत जशीच्या तशी असते; ती वाचणारें यंत्र तेवढें जगांतून नाहींसें झालेलें असतें. असें गेलेलें यंत्र पुन्हां उभें करण्याची एक विद्या आहे. तिचा प्रत्यय गेल्या वर्षीं आमच्या घरीं आला. ज्यांच्या घरीं अशा चकत्या पडून असतील त्यांस उपयोग व्हावा, म्हणून तो वृत्तांत येथें देतों.

आमचें बिऱ्हाड गिरगांवांत एका वाडींत, दुसऱ्या मजल्यावर. माझे थोरले बंधु फोर्टमधील एका बँकेंत नोकरीस होते. १९९४ सालीं त्यांनीं घरीं संगणक आणला, तेव्हां वाडींतलीं माणसें गणपतीच्या दर्शनास यावीं तशीं तो पाहावयास आलीं. दादांचा हेतु एकच होता. आमच्या घराण्याचा कुलवृत्तान्त लिहावयाचा. त्यांनीं विंडोजवर चालणारा एक मराठी लेखनकार्यक्रम विकत घेतला, आणि रात्रीं जेवणें आटोपल्यावर ते टंकलेखनास बसूं लागले. वहिनी शेजारीं बसून टिपणें वाचून दाखवीत. हा क्रम साडेतीन वर्षें चालला.

मूळ आधार होता तो पणजोबांच्या वेळच्या मोडी बहीचा. मोडी आमच्या पिढींत कोणासच येत नव्हती. शाळांतून ती आमच्या जन्माआधींच गेली होती. ठाकुरद्वारास एक वृद्ध कारकून राहत. त्यांनीं दादांना सगळी बही वाचून दाखविली आणि दादांनीं ती बाळबोधींत उतरून घेतली. कांहीं वर्षांनीं ते गृहस्थ वारले. बही परळास हिंदमाताजवळ चुलत्यांच्या तळमजल्यावरील घरीं होती. २००५ च्या पावसाळ्यांत तेथें पाणी शिरलें आणि तिचा लगदा झाला. दादांचीं हस्तलिखित टिपणेंही त्याच पेटींत होतीं. तेव्हांपासून त्या बहींतला मजकूर जगांत दोनच ठिकाणीं उरला. एक १९९८ सालीं छापलेल्या लहानशा पुस्तिकेंत, आणि दुसरा दादांच्या फ्लॉप्यांत.

आतां हीं दोन ठिकाणें सारखीं नव्हतीं. पुस्तिका वर्गणींतून निघालेली, तेव्हां पानें मोजून घेतलेलीं. त्यांतच घराण्यांतील वडीलधाऱ्या मंडळींचें मत असें पडलें कीं वंशावळ ही पुरुषशाखेची असते. सुनांचीं माहेरें आणि लेकींचीं सासरें घालूं लागल्यास ग्रंथ आवरणार नाहीं. वस्तुतः वहिनींनीं तीन वर्षें पत्रें धाडून, लग्नाकार्यांत भेटणाऱ्या वृद्ध स्त्रियांस विचारून, प्रत्येक सुनेचें माहेरचें नांव, तिचें गांव, तिला झालेलीं आणि गेलेलीं मुलें, अशी माहिती जमविली होती. तें सर्व प्रकरण छपाईंतून गळलें. ज्या डब्यांत तें होतें त्यावर दादांनीं तांबड्या शाईनें लिहून ठेविलें होतें, ‘छापावयाचें राहिलें’. पुढें २००३ च्या सुमारास संगणक बिघडला. सुटे भाग मिळेनात, म्हणून तो मोडींत गेला. दादा २००९ सालीं गेले. वहिनी त्यांच्यामागून सात वर्षांनीं. डबा कपाटांत राहिला.

गेल्या वर्षीं दुसरी आवृत्ति काढावी असें घराण्यांतील तरुण मंडळींनीं ठरविलें. दादांची नात माटुंग्यास अभियांत्रिकी शिकते. तिनें डबा उघडला. आंत साडेतीन इंची अकरा फ्लॉप्या आणि दुसऱ्या एका पाकिटांत मूळ विंडोजच्या व त्या लेखनकार्यक्रमाच्या फ्लॉप्या होत्या. दादा बँकेचे मनुष्य; पावतीसकट सर्व जपून ठेविलें होतें. ती म्हणाली, “अण्णाआजोबा, अर्धें काम आजोबांनींच करून ठेवलंय.”

पहिली अडचण अशी कीं हल्लींच्या संगणकास फ्लॉपीचें तोंडच नसतें. लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे आतांच्या डॉ. भडकमकर मार्गावर, जुन्या सामानाच्या एका दुकानांत बाहेरून जोडावयाचें एक यंत्र मिळालें. दुसरी अडचण मुंबईच्या हवेची. ज्या दमटपणानें पापड सादळतात, त्याच दमटपणानें चकत्यांवर बुरशी धरते. तीन फ्लॉप्यांवर तिचे पांढरट ठिपके होते. लॅमिंग्टन रोडवरच्याच एका कारागिरानें त्यांचीं कवचें उकलून चकत्या स्पिरिटनें हलक्या हातानें पुसून दिल्या. तो म्हणाला, “मास्तर, बुरशीसकट यंत्रांत घातलीत तर चकतीही ओरबाडेल आणि यंत्राचें डोकेंही घाण होईल.” हें वाक्य ज्यांच्या घरीं फ्लॉप्या आहेत त्या प्रत्येकानें ध्यानांत ठेवावें.

मग नातीनें एकेका फ्लॉपीची ‘प्रतिमा’ घेतली. प्रतिमा म्हणजे फाइलींची निवडक नक्कल नव्हे. चकतीवरील प्रत्येक घर, भरलेलें असो वा रिकामें, क्रमानें उतरून घ्यावयाचें. चकतीला दोन बाजू, प्रत्येक बाजूस ८० वर्तुळें, प्रत्येक वर्तुळाचे १८ खंड, आणि प्रत्येक खंडांत ५१२ अक्षरांची जागा. गुणाकार केला तर १४,७४,५६० येतात. अकरांपैकीं नऊ फ्लॉप्यांच्या बाबतींत हा आंकडा पूर्ण भरला. एकीचे कांहीं खंड गेले, आणि एक अजिबात बोलेना. तांबड्या शाईचा विषय ज्या सातव्या फ्लॉपींत होता, ती तिसऱ्या खेपेस पूर्ण वाचली गेली. त्या रात्रीं आमच्या घरीं शिरा झाला.

आनंद मात्र दुसऱ्या दिवशींच ओसरला. फाइल नव्या संगणकावर उघडली, तों पडद्यावर लॅटिन अक्षरें, त्यांच्या डोक्यांवर टिंबें, मधेंच पौंडाची खूण, प्रश्नचिन्हें, असा सगळा बाजार. एकही मराठी अक्षर नाहीं. हें कां झालें, हें समजण्यास थोडी मागची हकीकत सांगितली पाहिजे.

संगणकास अक्षर ठाऊक नसतें; त्यास फक्त संख्या ठाऊक असते. कोणत्या संख्येस कोणतें अक्षर म्हणावयाचें हा संकेत माणसांनीं ठरवावयाचा. भारतीय लिप्यांकरितां असा संकेत घडविण्याचें काम कानपूरच्या आय. आय. टी. मध्यें १९८० नंतरच्या वर्षांत झालें आणि १९८८ सालीं पुण्यास स्थापन झालेल्या सी-डॅक ह्या संस्थेंत तें पुढें चाललें. १९९१ सालीं भारतीय मानक ब्यूरोनें त्यास ‘इस्की’ ह्या नांवानें मानकाचें रूप दिलें. त्याची रचना पाहून संस्कृत शिकलेल्या मनुष्यास समाधान वाटावें. स्वर, मग कवर्ग, चवर्ग, टवर्ग, असा आपल्या वर्णमालेचाच क्रम. आणि अक्षरें उच्चाराच्या क्रमानें सांठवावयाचीं. त्यांत ‘क’ म्हणजे १७९. त्याच वर्षीं जगांतील सर्व लिप्यांचा युनिकोड हा संकेत प्रथम प्रसिद्ध झाला, आणि त्यांतील देवनागरीची मांडणी इस्कीच्याच आधींच्या, १९८८ च्या, आराखड्यावरून घेतलेली आहे. युनिकोडांत ‘क’ २३२५ वा. आज आपण भ्रमणध्वनीवर जें मराठी लिहितों तें ह्याच संकेतानें.

परंतु दादांनीं संगणक घेतला त्या वेळीं घरगुती संगणक युनिकोडांतली देवनागरी जाणत नव्हता. विंडोजमध्यें ती सोय २००० सालच्या आवृत्तीपासून आली. मधल्या काळांत लेखनकार्यक्रम करणाऱ्यांनीं एक युक्ति काढली. १९९२ च्या विंडोजमध्यें कोणताही फॉन्ट बसवितां येई, आणि एका फॉन्टांत २५६ घरें असत. त्या घरांत इंग्रजी अक्षरांऐवजीं देवनागरीचे तुकडे भरावयाचे. काना एका घरांत, वेलांटी दुसऱ्यांत, रफार तिसऱ्यांत, अर्धा ‘त’ चवथ्यांत. संगणकाला वाटे आपण लॅटिन अक्षरें दाखवीत आहों. वाचणाऱ्यास मराठी दिसे. मुंबईच्या छापखान्यांस ही युक्ति नवी नव्हती. खिळ्यांच्या काळांत मात्रा, वेलांटी, रफार यांचे निराळे खिळे अक्षराच्या वर-खालीं बसविण्याची ‘डिग्री’ पद्धति येथें रूढ होती. भेद एवढाच कीं छापखान्यांत एकदां ठसा उमटला म्हणजे कागदावर अक्षर उरे. खिळ्यांचा खण पुढें कोठें गेला ह्याची वाचकास फिकीर नसे. येथें मात्र खणच हरवला तर अक्षरही हरवतें. प्रत्येक कार्यक्रमकर्त्याचा खण निराळा. एकाचा ‘क’ दुसऱ्याच्या खणांत कोठल्या कोठें जाई. कांहीं कार्यक्रमांस तर प्रिंटरच्या जोडणींत बसवावयाची कुलूपवजा डबी असे; ती हरवली कीं आपलेंच लिखाण आपणांस वाचतां येत नसे. सुदैवानें दादांच्या कार्यक्रमास तसलें कुलूप नव्हतें.

तेव्हां उपाय एकच. तोच कार्यक्रम पुन्हां चालवावयाचा. पण तो नव्या संगणकावर बसेना. पूर्वींचे विंडोजचे कार्यक्रम सोळा-सोळा अंकांच्या घासांनीं काम करीत; आजचा संगणक चौसष्टांच्या घासांनीं करतो, आणि त्या जुन्या कार्यक्रमांस आजचें विंडोज दारांतही उभें करीत नाहीं. जुना संगणक शोधावा, तर चालूं स्थितींतला मिळणें दुर्घट, आणि मिळाला तरी किती दिवस टिकणार!

येथें नातीनें सांगितलेली विद्या उपयोगीं पडली. इंग्रजींत तिला एम्युलेटर म्हणतात; आपण अनुकारी म्हणूं. आपल्याकडे बहुरूपी येतो. फौजदाराचा वेष घेऊन तो दारीं उभा राहिला म्हणजे बोलणें, चालणें, दम भरणें, सर्व फौजदाराचें. घरांतलें पोर खरेंच घाबरतें. अनुकारी हा यंत्रांतला बहुरूपी आहे. तो स्वतः एक कार्यक्रम असून नव्या संगणकावर चालतो, परंतु जुन्या कार्यक्रमासमोर तो जुन्या संगणकाचें सोंग घेतो. जुना कार्यक्रम म्हणतो, “ह्या दोन संख्यांची बेरीज कर”. अनुकारी ती आज्ञा वाचतो, नव्या यंत्राच्या भाषेंत करवून घेतो, आणि जुन्या यंत्रानें जसें उत्तर दिलें असतें तसेंच देतो. कार्यक्रम विचारतो, “कोणती कळ दाबली? पडदा केवढा? फ्लॉपी आंत आहे काय?” प्रत्येक प्रश्नास त्याच्या काळाचें उत्तर मिळतें. आपण परक्या देहांत आहों हें त्यास कळण्याचा मार्गच नसतो.

असें होऊं शकतें, ह्याचें तत्त्व अ‍ॅलन ट्यूरिंग ह्या इंग्रज गणितज्ञानें १९३६ सालींच, म्हणजे आजच्या अर्थानें संगणक अस्तित्वांत येण्यापूर्वीं, मांडलें होतें. एका यंत्राचें पूर्ण वर्णन दुसऱ्या सर्वसमर्थ यंत्रास दिलें, तर तें दुसरें यंत्र पहिल्याचें सर्व काम करूं शकतें. १९६४ सालीं अमेरिकेंत आय. बी. एम. कंपनीनें आपली नवी यंत्रमालिका काढली, तेव्हां जुन्या यंत्रांवरील हिशेबाचे कार्यक्रम गिऱ्हाइकांस टाकून द्यावे लागूं नयेत म्हणून हीच सोय तिच्यांत ठेविली होती. आम्हीं वापरलेल्या अनुकाऱ्याचें नांव डॉसबॉक्स. तो हॉलंडमधील दोघां तरुणांनीं सुरू केला. २००२ पासून तो सर्वांस फुकट मिळतो. त्यांचा मूळ हेतु जुने संगणकीय खेळ खेळतां यावे एवढाच होता. मुलांच्या खेळासाठीं केलेल्या साधनानें आमचें कुलवृत्तान्ताचें काम व्हावें, ह्याचें मला कौतुक वाटलें.

उभारणी मी शेजारीं बसून पाहिली. प्रथम नव्या संगणकांत एक रिकामी फोल्डर केली. डॉसबॉक्स उघडल्यावर एक काळी चौकट येते. तींत ‘माउंट’ अशी आज्ञा देऊन, ही फोल्डर म्हणजेच तुझी ‘सी’ चकती, असें त्यास सांगितलें. मग विंडोजच्या मूळ फ्लॉप्या त्यांत उतरवून ‘सेटअप’ चालविला. दादांच्या यंत्रास ४ मेगाबाइट स्मृति होती. नातीच्या लॅपटॉपास ८ गिगाबाइट, म्हणजे दोन हजार पटींहून अधिक. आणि तो तेवढा बलवान् प्राणी त्या चौकटींत शिरल्यावर मुकाट्यानें म्हाताऱ्याच्या चालीनें चालूं लागला. ती चाल किती मंद ठेवावयाची हेंही आपल्या हातीं असतें. नातीनें दोन कळा दाबून वेग कमी केला, पुन्हां वाढविला, आणि जुन्या कार्यक्रमास मानवेल तेथें थांबविला. घटकाभरानें करडी चौकट, तींत नेटक्या रांगांनीं मांडलेलीं चिमुकलीं चित्रें, असें १९९२ सालचें विंडोज पडद्यावर उभें राहिलें. मग दादांचा लेखनकार्यक्रम बसविला, आणि सातव्या फ्लॉपीची प्रतिमा त्यास दाखविली.

क्षणभर घड्याळाचें चित्र फिरलें आणि पडदा शुद्ध देवनागरीनें भरला. दादा परिच्छेदाच्या आरंभीं नेहमीं तीन घरें सोडीत. तीं तीन घरें तशींच होतीं. जाऊबाई म्हणजे माझी पत्नी स्वयंपाकघरांतून पदर सांवरीत आली आणि उभ्यानेंच वाचूं लागली. कोणी कांहीं बोललें नाहीं.

तथापि काम येथें संपलें नाहीं. काळ्या चौकटींत दिसणारें मराठी बाहेर आणावयाचें होतें. ‘सी’ म्हणून दिलेली फोल्डर दोन्ही जगांस सामाईक असल्यामुळें ती दोन घरांमधल्या दाराप्रमाणें उपयोगीं पडते. जुन्या कार्यक्रमांत मजकूर साध्या स्वरूपांत राखून ठेविला कीं तो नव्या संगणकाच्या हातीं लागतो. पण तुकड्यांच्या संख्यांच्या रूपानेंच. म्हणून कोणती संख्या म्हणजे कोणता तुकडा ह्याचें कोष्टक करावें लागलें. जुन्या अकरावीची शालान्त परीक्षा देऊन पुढें सर्व आयुष्य संस्कृत व मराठी व्याकरण शिकविण्यांत घालविलेल्या मनुष्यास येथें प्रथमच काम मिळालें. नात संख्या वाची, मी तुकडा सांगें. अकरा संध्याकाळीं कोष्टक पुरें झालें.

पहिल्या रूपांतरांत सगळीकडे ‘कविता’ची ‘किवता’ आणि ‘पर्वता’चा ‘पवर्त’ झाला. कारण उघड आहे. ऱ्हस्व वेलांटी आपण व्यंजनाआधीं लिहितों आणि नंतर उच्चारितों. रफार नंतर लिहितों आणि आधीं उच्चारितों. फॉन्टवाल्यांनीं लेखनाचा क्रम सांठविला होता, युनिकोडास उच्चाराचा हवा. हें समजल्यावर नातीनें दोन नियम लिहिले आणि कविता व पर्वत ठिकाणावर आले. शेवटचा घोळ ‘र’चा. १८७० नंतरच्या एका लग्नाच्या खर्चांत ‘आचार्यांस सव्वादोन रुपये व धोतरजोडी’ असें आलें. एवढ्याशा दक्षिणेंत कोणते आचार्य आले असतील ह्याचा मला विचार पडला. चौकटींत मूळ पान पाहिलें, तों तेथें ‘आचाऱ्यांस’ होतें! स्वयंपाक्याची बिदागी ती. रफार आणि अर्धा र हे निराळे आहेत, हें मीं प्रत्येक वर्षीं सातवीच्या वर्गास ह्याच दोन शब्दांनीं शिकविलें होतें. आतां तें यंत्रास शिकविलें. मूळ पान डोळ्यांसमोर नसतें तर असा भेद कधींच उमगला नसता. अनुकाऱ्याचा खरा उपकार हाच.

आतां सातव्या फ्लॉपींत काय निघालें तें सांगतों. एकशेंचाळीस सुनांचीं माहेरचीं नांवें व गांवें निघालीं. पुस्तिकेंत ‘स्त्री १’, ‘स्त्री २’ असे जेथें आंकडे होते, तेथें माणसें उभीं राहिलीं. आणि आजोबांच्या धाकट्या बहिणीचें अर्धें पान निघालें. छापील पुस्तिकेंत त्या जागीं केवळ एक आडवी रेघ आहे. आम्ही सर्वजण समजत होतों कीं ती लहानपणीं वारली.

ती वारली नव्हती. अकराव्या वर्षीं ती विधवा झाली. अण्णासाहेब कर्व्यांनीं १८९६ सालीं काढलेला बालिकाश्रम पुण्याजवळ हिंगण्यास गेला होता. तेथें १९१२ सालीं तिला तिच्या मामानें पोंचविलें. पुढें ती शिक्षिका झाली, आणि विसाव्या वर्षीं तिनें पुनर्विवाह केला. विधवाविवाहाचा कायदा १८५६ सालचा. पण कायद्यानें मोकळें केलेलें दार घरांतून उघडावयास किती पिढ्या लागल्या, हें आपल्या वाचकांस सांगावयास नको. तिचें नांव आमच्या घरीं उच्चारणें बंद झालें. बहींत कोणी तरी एक ओळ लिहून ठेविली होती. ती धरून वहिनींनीं शोध केला. नागपुरास तिला तीन मुलें झालीं, तिनें एकवीस वर्षें मुलींच्या शाळेंत शिकविलें, आणि १९६३ सालीं ती निवर्तली. पानाच्या शेवटीं दादांनीं कंसांत टंकलेलें होतें, ‘हिचें नांव पुढील आवृत्तींत अवश्य घालावें.’

त्या नोंदीवरून नागपुरास पत्र गेलें आहे. उत्तर आलेलें नाहीं. पत्ता जुना आहे. परंतु दुसऱ्या आवृत्तींत तें पान जाईल हें नक्की झालें आहे. घराण्यांतील जे वडील तेव्हां नको म्हणाले, त्यांपैकीं एक हयात आहेत. त्यांचें वय ९३. नातीनें त्यांस तें पान वाचून दाखविलें. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “मोठ्या टायपांत छापा.”

ह्या सर्व प्रकरणाकडे मागें वळून पाहतां मला असें दिसतें कीं त्या अर्ध्या पानानें तीन नद्या ओलांडल्या. मोडींतून बाळबोधींत, बाळबोधींतून फॉन्टांत, आणि फॉन्टांतून युनिकोडांत. प्रत्येक घाटावर दोन्ही तीरांची ओळख असलेलें कोणी तरी हजर होतें. पहिल्या घाटावर ठाकुरद्वारचे कारकून, दुसऱ्यावर दादा आणि वहिनी. तिसऱ्यावर मात्र एकट्याचें काम नव्हतें. नातीस यंत्र येत होतें आणि मला अक्षर. पुण्याच्या पेशवे दप्तरांत मोडीचे हजारों रुमाल आहेत; कागद धड आहेत, वाचणारे मोजके. वस्तु राखली आणि वाचणारा राखला नाहीं, तर काय होतें हें तेथें दिसतें. आपल्या वैदिकांस हें मर्म ठाऊक होतें. त्यांनीं नुसती संहिता राखली नाहीं. पद, क्रम, जटा, घन असे पाठ करून ती वाचण्याची रीतही तिच्याबरोबर राखली, आणि मुखांतून मुखांत देत राहिले. युनेस्कोनें २००३ सालीं त्या परंपरेचा जागतिक ठेवा म्हणून गौरव केला, तो ह्याच गुणाचा. अनुकारी यंत्र हें काम आपल्या बदलीं करीत नाहीं. तो जुना देह थोडा अधिक काळ जागता ठेवितो, म्हणजे जाणत्या माणसास तो वाचण्यास अवसर मिळतो.

तेव्हां गृहस्थांस व विशेषतः गृहिणींस माझी विनंति आहे. घरांतील माळ्यावर, बँकेच्या जुन्या पिशवींत, आजोबांच्या टेबलाच्या खणांत फ्लॉप्या असतील तर त्या टाकूं नका, आणि पुसल्याशिवाय कोणत्याही यंत्रांत घालूं नका. प्रथम त्यांच्या पूर्ण प्रतिमा घ्या. लेखनकार्यक्रमाच्या मूळ फ्लॉप्या, फॉन्ट, पावत्या, कुलूपवजा डबी, हें सर्व त्यांच्याबरोबरच ठेवा. मजकुराइतकेंच त्याचें मोल आहे. मजकूर बाहेर निघाला कीं साध्या युनिकोडांत राखा, तीन निराळ्या घरीं तीन प्रती ठेवा, त्यांपैकीं एक तळमजल्यावर नको, आणि एक चांगल्या कागदावर छापून बांधून घ्या. कोणत्या कार्यक्रमांतून, कोणत्या कोष्टकानें तो उतरविला तें पहिल्या पानावर लिहा. आज आपण ज्यास नवें म्हणतों तेंही आपल्या नातवंडांच्या नातवंडांस मोडीच वाटणार आहे.

आणि हें काम एकट्या मुलावर सोंपवूं नये. त्याच्या शेजारीं घरांतील एखादें वृद्ध मनुष्य बसवावें. ‘आचार्य’ कोण आणि ‘आचारी’ कोण हें सांगणारें कोणी तरी तेथें हवें, आणि रेघ दिसली तर तिच्या जागीं कोण होतें असें विचारणारेंही.